कारणाचा रकाना

वयाची छप्पन्न वर्षं झाली, डोक्यावर चार केस उरले, परक्या देशातल्या मोठ्या संस्थेत तळघराची आख्खी खोली ताब्यात आली, तरी घरात तो धाकटाच राहिला. घर म्हणजे तरी काय, समुद्रापलीकडे राहणारी वहिनी आणि चार महिन्यांपूर्वी तिने इकडे धाडलेला तिचा मुलगा. बाकीचे गेले. अंथरुणावर पडून मरायची पद्धत या घराण्यात फारशी नव्हती.

धाकटा भौतिकशास्त्रज्ञ होता. शास्त्रज्ञ म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस एक तर स्फोट करत असणार नाहीतर ताऱ्यांकडे बघत बसणार. हा बाबा दोन्ही करत नव्हता. केसाहून बारीक तारेला एक आडवी दांडी टांगलेली, दांडीच्या टोकांना दोन लहान गोळे, शेजारी शिशाचे दोन मोठे गोळे. मोठा गोळा लहान गोळ्याला किती ओढतो, एवढंच तो आयुष्यभर मोजत आला होता. ही ओढ इतकी क्षीण की डोळ्याला काही दिसायचं नाही. म्हणून तारेला इवलासा आरसा लावलेला, आरशावर उजेडाची तिरीप सोडलेली, आणि ती उलटून समोरच्या लांब पट्टीवर पडायची. पट्टीवरचा तो तांबडा ठिपका हाच धाकट्याचा संसार.

ठिपक्याला शेजार सोसत नसे. जिन्यात कोणी पाय आपटला, वर दार आदळलं, रस्त्यावरून ट्रक गेला, की ठिपका थरथरायचा आणि ती नोंद बाद. म्हणून वहीत चार रकाने होते: वेळ, ठिपक्याची जागा, धक्का, आणि शेवटी कारण. वेळ सेकंदापर्यंत लिहायची. घरात दुसऱ्याची पावलं नकोत म्हणून याने लग्नही केलं नाही, असं संस्थेतले लोक थट्टेने म्हणायचे. थट्टेत बरंच खरं होतं.

कारणाचा रकाना त्याला कॉलेजने शिकवला नव्हता. तो शिकवला घड्याळजीने. जुन्या गल्लीत, बापाच्या लेथच्या कारखान्यासमोर, खिडकीत डोळ्याला भिंग लावून बसणारा हा हडकुळा माणूस. धाकटा शाळेतून आला की त्याच्या टेबलाशी जाऊन उभा राहायचा. "बिघाड काय, कोणीही लिहील," घड्याळजी म्हणायचा. "घड्याळ बंद पडलं हे मालकालाही दिसतं. का पडलं ते लिही. कारण लिहिलं नाहीस तर पुन्हा पडणार." धाकट्याने शहाण्या मुलासारखं ऐकलं. जरा कमी शहाणा असता तर दोन माणसं म्हातारी झाली असती.

त्या शनिवारी दुपारी संस्था रिकामी होती. दोन वाजून सहा मिनिटांनी जिन्यात पावलं वाजली, एका वेळी दोन दोन पायऱ्या, आणि ठिपका पट्टीवरून उडाला. धाकट्याच्या हाताने आपोआप लिहिलं: कारण, पुतण्या. ही पावलं तो चार महिने रोज ऐकत होता. बापाला कधी न बघितलेला मुलगा हुबेहूब बापासारखा जिना उतरत होता.

पुतण्या दारात उभा राहिला. तेहतिसाव्या वर्षी बापाचेच खांदे, आजोबाचेच पंजे, बसडेपोत वेल्डिंग करून मनगटांवर भाजल्याचे डाग. एरवी तो आल्या आल्या "काय काका, गोळे हलले का?" म्हणून चिडवायचा. आज त्याने गोळ्यांकडे पाहिलंही नाही.

"घड्याळाचा पट्टा तुटला होता," तो म्हणाला. "मंडईच्या कोपऱ्यावर ते दुकान आहे ना. तिथे गेलो होतो."

धाकट्याने पेन खाली ठेवलं.

"भिंतीवर फोटो आहे, काका. त्या भिंगवाल्याचा. आईबाबांच्या लग्नाच्या फोटोत तो कोपऱ्यात उभा आहे. गल्लीतल्या एकेकाने त्या चेहऱ्यावर बोट ठेवून मला दाखवलंय, हाच तो, तुझ्या बापाला सैनिकांना विकणारा. मी दुकानदाराला विचारलं, हे कोण? तर म्हणतो, माझे वडील." त्याने धाकट्याच्या रिकाम्या मनगटाकडे बोट केलं. "आणि त्याच्या पाठीमागे खिळ्याला तुमचं घड्याळ लटकत होतं. चिठ्ठी लावलेलं. तुम्हाला माहीत होतं?"

"अकरा वर्षं झाली, तो इकडे येऊन दुकान टाकलं तेव्हापासून," धाकटा म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

"अकरा वर्षं! आणि तुम्ही त्याच्याकडे घड्याळ टाकता?"

"तो तेव्हा सहा वर्षांचा होता रे."

"आणि मी पोटात होतो."

पुतण्याने हत्यारांचा खण ओढला, पाने, पक्कड बाजूला सारली आणि हातोडी उचलली. हाताने तोलून पाहिली, लेथवाला बघतो तशी.

"चारला तो शटर ओढतो. पाटीवर लिहिलंय. चारच्या आत मी जाऊन येतो."

एक वाक्य पुरेसं होतं. "तुझ्या बापाला मी विकलं," एवढंच. पण ते बोलायचं म्हणजे जगात त्याला काका म्हणणारा एकुलता एक माणूस गमवायचा, आणि न बोलायचं म्हणजे एका निरपराध माणसाची कवटी फुटू द्यायची. सरळ माणसाला असा हिशेब करायला क्षणभरही लागला नसता. धाकट्याने मूग गिळले. ते गिळायची त्याला चौतीस वर्षांची सवय होती.

ही सवय लागली कशी, ते आता सांगायलाच हवं.

बाप लेथवर बसायचा. हाताला सोनं आणि तोंडाला आग. लोखंडाचा तुकडा केसाएवढा जास्त कापला गेला तरी हातात येईल ते फेकून मारायचा, आणि चुकार मुलांना मशीनच्या जुन्या चामडी पट्ट्याने फोडायचा. मार बहुतेक थोरल्या भावाला पडायचा, कारण धाकट्याचा गुन्हा असला तरी पुढे थोरला व्हायचा. "मी केलं," म्हणून पाठ वळवून उभा. पाठीवर वळ उमटायचे आणि हा पठ्ठ्या त्यातून धाकट्याकडे बघून डोळा मारायचा. बापाचं प्रेम नव्हतं असं मात्र कोणी म्हणू नये. धाकट्याला कॉलेजात प्रयोगासाठी असाच टांगता तराजू हवा होता तेव्हा बापाने आठ दिवस धंदा बंद ठेवून ती दांडी आणि ते गोळे स्वतः घडवले. कारखान्याखालच्या तळघरात तराजू टांगला गेला. बाप गिऱ्हाइकांना सांगायचा, "खाली पाय वाजवू नका, पोरगं पृथ्वी मोजतंय."

मग सैनिकांचं राज्य आलं. चौकाचौकात बंदुका, भिंतींना लावून उभी केलेली माणसं. थोरला त्यांच्याशी लढणाऱ्या टोळीत गेला आणि घरून नाहीसा झाला. त्याची बायको पाच महिन्यांची गरोदर होती. दर गुरुवारी चारच्या सुमाराला तो मागच्या दाराने तळघरात यायचा, बायकोला भेटायचा, तासभर झोपायचा, निघून जायचा. दोन दोन पायऱ्या उतरत यायचा. धाकटा तराजूशी बसलेला असायचा. ठिपका उडायचा आणि धाकटा प्रामाणिकपणे लिहायचा: चार वाजून बारा मिनिटं पाच सेकंद, धक्का, कारण थोरला. पुढच्या गुरुवारी: चार वाजून सतरा मिनिटं वीस सेकंद, धक्का, कारण थोरला.

काय म्हणावं याला? घरातली बाई थोरल्याचा धुतलेला सदरासुद्धा बाहेर वाळत घालत नव्हती, शेजाऱ्याने मोजू नये म्हणून. बाप जेवणाची ताटं घरातच विसळायचा. आणि हा दीडशहाणा भावाच्या येण्याजाण्याचं वेळापत्रक सेकंदासकट लिहून ठेवत होता, कारण न लिहिता नोंद बाद केली तर प्रयोग खोटा ठरला असता. त्याच्या मनात कपट नव्हतं. त्याच्या मनात भाऊही नव्हता त्या घडीला, फक्त ठिपका होता. हेच त्याला पुढे आयुष्यभर सोसलं नाही.

सोमवारी सैनिकांनी गल्लीची झडती घेतली. कपाटं उपडी केली, बापाच्या कानशिलात बंदुकीचा दस्ता घातला, वहिनीला केसांना धरून अंगणात बसवलं. जाताना कागद मिळतील तेवढे उचलून नेले, त्यात ती वहीही गेली. धाकट्याला हळहळ वाटली ती तीन आठवड्यांच्या नोंदींची. पण त्याच्या सरांनी शिस्त लावली होती की प्रत्येक पानाखाली कार्बन घालायचा आणि प्रत फाडून वेगळी ठेवायची. प्रती होत्या. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि त्याने नवी वही सुरू केली.

गुरुवारी चार वाजता मागच्या गल्लीत सहा सैनिक भिंतीला चिकटून उभे होते. धाकटा खाली तराजूशी होता. दार उघडल्याचं त्याने ऐकलं, पहिल्या दोन पायऱ्या ऐकल्या, मग एकामागून एक चार बार झाले. थोरला जिन्यावरून डोकं खाली पाय वर असा घसरत त्याच्या पायांशी आला. जबडा उडालेला होता, पण डोळे शाबूत होते आणि ते धाकट्याकडे बघत होते. तळघरभर बंदुकीच्या दारूचा धूर झाला. आणि धाकट्याचा हात, बापाने घडवलेल्या बाकावर, लिहीत होता: चार वाजून सोळा मिनिटं पन्नास सेकंद. मोठा धक्का. ठिपका पट्टीबाहेर. कारण थोरला. लिहून झाल्यावर त्याने सवयीने प्रत फाडून खिशात घातली. मग तो ओरडायला लागला.

सैनिकांच्या अधिकाऱ्याला विजय पचेना. प्रेत रस्त्यावर आणून टाकल्यावर त्याने सगळ्या गल्लीसमोर बापाला ऐकवलं. "तुझं पोरगं गेल्या गुरुवारी चार वाजून सतरा मिनिटं वीस सेकंदांनी आलं होतं. त्याच्या आधी चार वाजून बारा मिनिटं पाच सेकंदांनी. आम्हाला सगळं कळतं."

गल्लीने ते ऐकलं आणि गल्लीने तर्क केला. मिनिटं ठीक, पण सेकंद? सेकंद कोण बघतं? समोरच्या खिडकीत दिवसभर बसून कोण बघतं? बापाने धाकट्याकडे एकदा पाहिलं, तळघरात उतरला, नवी वही उचलली आणि भट्टीत घातली. धाकट्याला वाटलं, दुःखाने डोकं फिरलंय.

तिसऱ्या दिवशी थोरल्याचे तीन साथीदार दारात आले. "नाव सांगा," त्यांनी विचारलं. "आज सांगा. नाहीतर आम्ही घरापासून सुरुवात करू." बापाने पुन्हा धाकट्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग खिडकीकडे बोट केलं, आणि त्यांना हातही लावू न देता स्वतः हातोडी घेऊन रस्ता ओलांडला.

घड्याळजी कामात होता. बापाने त्याला मानगुटीला धरून दुकानाच्या पायरीवर आणलं. त्याच्या डोळ्यावरचं भिंग तसंच होतं. "अहो, काय झालं? अहो, मी काय केलं?" एवढंच तो विचारत राहिला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानामागे. तिसऱ्या घावाला भिंग फुटून डोळ्यात गेलं. पुढचे घाव धाकट्याने मोजले नाहीत. आयुष्यात एवढीच एक गोष्ट त्याने मोजली नाही. तो दारात उभा होता, खिशात कार्बनची प्रत होती, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण सगळे म्हणतात. चोराने समोर उभं राहून बघायचं असतं, हे त्यात कोणी सांगत नाही.

आठवड्याच्या आत बापाने त्याला सीमेपार धाडलं. निघताना पायरीवर म्हणाला, "परत येऊ नकोस. शीक." धाकटा परतला नाही, बाप गेला तेव्हाही नाही. पत्रं लिहीत राहिला. न बघितलेला पुतण्या त्याच्या पत्रांवर अक्षरं वाचायला शिकला.

तर असा हा माणूस आता दाराला पाठ लावून उभा राहिला. "तो निर्दोष होता," एवढंच त्याच्याने म्हणवलं.

"कोण?"

"घड्याळजी. मला पक्कं माहीत आहे."

"कसं?"

धाकट्याने पट्टीवरच्या ठिपक्याकडे पाहिलं.

"तुम्ही घाबरट आहात, काका," पुतण्या म्हणाला, आणि आवाजात राग नव्हता, कीव होती. "आजोबांना विचारलं की ते उठून निघून जायचे. तुम्हाला विचारलं तर हे असं. बाप माझा होता ना? मग सरका."

धाकटा सरकला नाही. पुतण्याने त्याला एका हाताने छातीला धरून बाजूला भिरकावला. बाकाची कड तोंडावर बसली, पुढचे दोन दात तुटून जिभेवर आले. वर पावलं गेली, दोन दोन पायऱ्या. ठिपका पट्टीवर वेड्यासारखा फिरत होता. धाकट्याने तिकडे पाहिलं नाही. तो रक्त थुंकत उठला, कपाटामागचा पत्र्याचा डबा काढला, त्यातली कागदांची घडी घेतली आणि पळत सुटला. हा माणूस गेल्या वीस वर्षांत बस पकडायलाही पळाला नव्हता.

दुकानाच्या तीन पायऱ्यांवर काचांचा खच पडला होता. दार सताड उघडं होतं. आत घड्याळजीचा मुलगा गुडघ्यांवर बसलेला, कपाळ फुटून एक डोळा रक्ताने मिटलेला. त्याचं उजवं मनगट पुतण्याने काउंटरवर दाबून धरलं होतं. धाकटा आत शिरला तेव्हाच हातोडी खाली आली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, आणि दुकानदार गुरासारखा ओरडला.

"आता डोकं," पुतण्या म्हणाला. "माझ्या बापाची वेळ कोणी सांगितली होती? तुझ्या बापाने. म्हण!"

"मी सांगितली," धाकटा म्हणाला.

तुटलेल्या दातांतून शब्द नीट आले नाहीत. त्याने पुन्हा म्हटलं, "मी. माझ्या वहीत होती. सैनिकांनी ती वही नेली. हे बघ." त्याने घडी उलगडून काउंटरवर ठेवली. निळी कार्बनची अक्षरं अजून स्वच्छ होती.

पुतण्या वाचायला लागला. अक्षर त्याच्या ओळखीचं होतं, त्यावरच तो वाचायला शिकला होता. पहिलं पान, चार वाजून बारा. दुसरं पान, चार वाजून सतरा. तिसऱ्या पानावरची तारीख त्याला पाठ होती. मोठा धक्का. ठिपका पट्टीबाहेर. कारण थोरला.

"तुम्ही हे लिहिलंत," तो म्हणाला. "तो मरत होता आणि तुम्ही हे लिहिलंत."

"हो."

पुढचं फार वेळ चाललं नाही, पण जेवढं चाललं तेवढं वाईट होतं. हातोडी बरगडीवर बसली, मग गुडघ्यावर. धाकटा पडला तेव्हा पुतण्याने हातोडी टाकली आणि बुटांनी तुडवायला घेतलं, हुंदके देत, "काका, काका" असं ओरडत. धाकट्याने हात आडवा धरला नाही. त्याला बरं वाटत होतं, हे सांगायला लाज वाटते पण खरं आहे. घड्याळजीचा मुलगा भिंतीला टेकून, मोडलेला हात मांडीवर घेऊन बघत होता. त्याने थांबवलं नाही.

दमल्यावर पुतण्याने फोन काढला. तो काउंटरवर ठेवून त्याने आवाज मोठा केला.

"आई, काका म्हणतायत, बाबांची वेळ त्यांनीच वहीत लिहिली होती. तीच वही सापडली सैनिकांना."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आई?"

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाली. "आजोबांनी जाताना सांगितलं."

"आजोबांना माहीत होतं? कधीपासून?"

"पहिल्यापासून. सेकंद लिहिणारं घरात दुसरं कोण होतं रे? ती दांडी तर त्यांनीच घडवलेली. वही त्यांनीच जाळली."

"मग घड्याळजीला का मारलं?"

"ते तिघं दारात उभे होते. नाव द्यायचंच होतं. खरं नाव दिलं असतं तर भावोजींना तिथेच कापलं असतं. एक पोरगा गेला होता, दुसरा त्यांनी दिला नाही."

"पण घड्याळजीच का?"

"समोर तोच राहत होता," वहिनी म्हणाली.

दुकानात घड्याळं टिकटिकत होती. पुतण्याने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" आणि त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला.

"तुला बाप नव्हता. काका तरी असू दे म्हटलं. भावोजी आहेत का तिथे?"

पुतण्याने फोन बंद केला.

जमिनीवर पडल्या पडल्या धाकट्याला बापाची ती नजर दिसली, दोनदा पाहिलेली. चौतीस वर्षं तो समजत होता की बापाची चूक झाली आणि आपण ती बोलून सुधारली नाही. चूक नव्हतीच. बापाने थोरल्यासारखंच त्याच्यापुढे उभं राहून त्याचा मार दुसऱ्याच्या पाठीवर वळवला होता, फक्त ती पाठ स्वतःची नव्हती.

घड्याळजीचा मुलगा उठला. भिंतीला धरून काउंटरमागे गेला. "तुम्ही कोण ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," तो धाकट्याला म्हणाला. "मी टेबलाखाली होतो. तुम्ही समोरच्या दारात होतात. तुमचा हात उठला नव्हता, म्हणून तुमचं घड्याळ घेत होतो. आणि वाटायचं, पोरगा मेलेला, माणसं वेडी झालेली, चुकून मारलं. चुकून मारलं म्हटलं की झोप लागते. आज तुम्ही तेही घेतलंत."

त्याने डाव्या हाताने दुरुस्तीची जाड वही पुढे ओढली, कोरं पान काढलं.

"लिहा. माझा हात गेला. तुम्ही लिहा."

पुतण्याने धाकट्याला काखेत धरून उभं केलं, स्टुलावर बसवलं, आणि हात लगेच काढून घेतला. वहीत पाच रकाने होते: तारीख, वेळ, गिऱ्हाईक, बिघाड, कारण.

"तारीख तुम्हाला ठाऊक आहे," घड्याळजीचा मुलगा म्हणाला. "वेळ सकाळचे अकरा. दुकानातली सगळी घड्याळं तेव्हा वाजत होती. गिऱ्हाइकाच्या जागी माझे वडील लिहा. बिघाड, बंद पडले."

धाकट्याने लिहिलं. पानावर रक्ताचा थेंब पडला, तो त्याने बाहीने टिपला. मग पेन शेवटच्या रकान्याशी येऊन थांबलं. या रकान्यात त्याने आयुष्यभर लिहिलं होतं: ट्रक, दार, वारा, थोरला, पुतण्या. ठिपका हलला की दोष कोणाचा ना कोणाचा असायचाच, फक्त त्याचा कधी नसायचा.

"कारण," घड्याळजीचा मुलगा म्हणाला.

धाकट्याने लिहिलं: मी.

घड्याळजीच्या मुलाने खाली वाकून एका डोळ्याने ते अक्षर वाचलं. "सही करा," तो म्हणाला. धाकट्याने सही केली.

पुतण्या दाराकडे गेला. काचांवरून बाहेर पडला आणि पायऱ्या उतरला, या वेळी एकेक करून, म्हाताऱ्या माणसासारखा कठड्याला धरून. दुकानात चाळीस घड्याळं चालू होती. धाकट्याने एकाकडेही पाहिलं नाही.